कुलमुखत्यारपत्र कुठे थांबते : पैशाचे आणि औषधोपचाराचे निर्णय विश्वासातल्या माणसाकडे वेळेत कसे सोपवावेत

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी जी वर्षे काढली, त्यांत एक प्रसंग थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा पाहिला. पन्नाशीचा एखादा मुलगा किंवा मुलगी येते, पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला कागद काढते. तो कागद म्हणजे आईने आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र असते. त्यावर मुद्रांक असतो, नोटरीचा शिक्का असतो, आईची थरथरती पण ओळखू येणारी सही असते. आईची मुदत ठेव मोडून रुग्णालयाचे बिल भरायचे असते. कागद वाचून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारत असे, "आई आता कशा आहेत? बोलतात का, माणसे ओळखतात का?" समोरचा माणूस प्रामाणिकपणे सांगून टाकत असे, की पक्षाघातानंतर दोन महिने त्या कोणालाच ओळखत नाहीत, म्हणून तर हा कागद आणला. त्या उत्तराबरोबर कागदाचा उपयोग संपत असे, आणि ते समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे येत असे.

याचे कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. मुखत्यारपत्राने नेमलेला माणूस हा कायद्याच्या दृष्टीने आपला अभिकर्ता, म्हणजे एजंट असतो, आणि कलम २०१ प्रमाणे नेमणूक करणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिची विचारशक्ती हरपली की हे अभिकरण संपुष्टात येते. यामागचा तर्क सरळ आहे. मुखत्याराचा हात हा आपलाच लांब केलेला हात मानला जातो. जो व्यवहार आपण स्वतः समजून उमजून करू शकत नाही, तो दुसऱ्याच्या हातूनही करवून घेता येत नाही. 'माझी शुद्ध हरपली तरी हे पत्र अमलात राहील' असे वाक्य घालून देणारे लोक कोर्टाच्या आवारात भेटतात, परंतु त्या वाक्याने कलम २०१ बदलत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली असे टिकाऊ मुखत्यारपत्र करता येते, पैशासाठी वेगळे आणि आरोग्यासाठी वेगळे; अमेरिकेतही तशी सोय आहे. तिकडे राहणारी मुले त्यामुळेच आईवडिलांना "एक पॉवर ऑफ ॲटर्नी करून टाका, मग चिंता नाही" असे फोनवर सांगतात, आणि आईवडील ते ऐकून निश्चिंत होतात.

आपल्याकडे एका कागदाने भागत नाही. बँकेची सोय, मर्यादित मुखत्यारपत्र, वैद्यकीय इच्छापत्र, मानसिक आजारासाठीचा नामनिर्देशित प्रतिनिधी आणि शेवटी मृत्युपत्र, अशी एक जुडीच करावी लागते. ही सगळी कामे हात आणि डोके दोन्ही शाबूत असतानाच करायची असतात. पुढील मजकूर महाराष्ट्रात राहणाऱ्या, निवृत्तीच्या आसपासच्या किंवा त्यापुढच्या माणसाला समोर ठेवून लिहिला आहे. प्रत्यक्ष दस्त मात्र वकिलाकडूनच तपासून घ्यावा.

पहिली पायरी : माणूस ठरवणे

आपण बहुधा थोरल्या मुलाचे नाव विचार न करता लिहून मोकळे होतो. त्याऐवजी काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. हा माणूस रात्री दोन वाजता फोन उचलतो का? घरातल्या कार्याचा हिशेब त्याने कधी लिहून ठेवला होता का? त्याच्यावर स्वतःचे मोठे कर्ज आहे का? डॉक्टरांनी वाईट बातमी सांगितली तर तो ऐकून घेईल, की चिडून दुसऱ्या रुग्णालयात हलवायला निघेल? पैशाचा निर्णय घेणारा आणि औषधोपचाराचा निर्णय घेणारा माणूस एकच असला पाहिजे असे नाही. माझ्या आईसाठी आम्ही पैशाचे काम धाकट्या भावाकडे दिले, कारण तो चिकाटीने पावत्या लावून ठेवतो. औषधोपचाराचे काम मामेबहिणीकडे दिले, कारण ती दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि आई आमच्यापेक्षा तिच्याशी अधिक मोकळेपणाने बोलत असे. मुलगा परदेशात असेल तर औषधोपचारासाठी त्याचे एकट्याचे नाव लिहू नये. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा राहू शकेल असा एक माणूस त्या कागदावर हवाच.

दोन मुलांना 'दोघांनी मिळून' असा अधिकार देण्याचा मोह टाळावा. घरात समतोल राखण्यासाठी ते केले जाते आणि नेमक्या वेळी एका सहीवाचून काम अडून राहते. एकाला मुख्य नेमावे, दुसऱ्याला पर्यायी नेमावे, आणि हिशेब पाहण्याचा अधिकार तिसऱ्याला द्यावा. त्यानंतर ज्यांची नावे लिहिली आहेत त्यांना आणि ज्यांची लिहिली नाहीत त्यांनाही एकत्र बसवून, चहाच्या वेळी, स्वतःच्या तोंडाने सांगावे. हा अर्धा तास अवघड जातो, पण तो टाळला तर पुढे सून, जावई, दीर या सगळ्यांना कागदावर संशय घ्यायला जागा राहते.

दुसरी पायरी : काय काय आहे ते लिहून काढणे

बँक खाती, मुदत ठेवींच्या तारखा, पोस्टातली खाती, डीमॅट, विमा, पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा (पीपीओ) क्रमांक, घराचा करारनामा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, गावी जमीन असल्यास सातबारा, लॉकर, देणी-घेणी आणि घेत असलेली औषधे, हे सगळे दोन पानांत मावते. पासवर्ड आणि पिन या यादीत लिहू नयेत. यादीवर तारीख घालावी.

तिसरी पायरी : बँक

रोजच्या अडचणीतून वाचवणारी खरी सोय मुखत्यारपत्रात नसून बँकेच्या खात्याच्या रचनेत आहे, आणि तिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. खाते संयुक्त असेल आणि व्यवहाराची पद्धत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला, अशी असेल, तर एक खातेदार अंथरुणाला खिळला, अगदी बेशुद्ध असला, तरी दुसरा स्वतःच्या हक्काने त्या खात्यातून पैसे काढू शकतो. तो येथे कोणाचा मुखत्यार म्हणून वागत नसल्यामुळे कलम २०१ ची अडचण येत नाही. परंतु पासबुकावर दोन नावे आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' अशी पद्धत असेल, तर पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत दुसऱ्याला खाते चालवता येत नाही. 'जॉइंटली' असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. पासबुकाच्या पहिल्या पानावर ही पद्धत लिहिलेली असते. हा लेख वाचून झाल्यावर ते पान उघडून पाहावे.

मुदत ठेवींची गोष्ट आणखी वेगळी आहे. ठेव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असली तरी मुदतीआधी मोडायची झाल्यास, दोघे हयात असतील तर, दोघांच्याही सह्या मागितल्या जातात. मुदत पूर्ण झाल्यावर मात्र एकाच्या सहीने रक्कम मिळते. म्हणून दहा लाखांची पाच वर्षांची एक ठेव करण्यापेक्षा तीच रक्कम विभागून पाच-सहा लहान ठेवी कराव्यात, त्यांच्या मुदती दर काही महिन्यांनी संपतील अशा ठेवाव्यात, आणि त्यांतल्या निदान दोन-तीन ठेवींची रक्कम आपोआप नूतनीकरण न होता संयुक्त बचत खात्यात जमा होईल अशी सूचना लिहून द्यावी. व्याजात थोडा फरक पडतो, पण रुग्णालयाच्या बिलाच्या वेळी कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

संयुक्त खात्यात धोकाही आहे. दुसरा खातेदार एका सहीने सारी शिल्लक काढून घेऊ शकतो, आणि बँक त्याला अडवणार नाही. म्हणून सारी पुंजी त्या खात्यात ठेवू नये. घरखर्च, औषधे आणि रात्रीची आया या सगळ्याचा सहा महिन्यांचा अंदाज काढून तेवढीच रक्कम तेथे ठेवावी. ज्याला संयुक्त खातेदार करायचे नाही, पण बँकेची कामे करू द्यायची आहेत, त्याच्यासाठी बँकेचे स्वतःचे अधिकारपत्र असते. शाखेत त्याला 'मँडेट' म्हणतात. तेही एका अर्थी मुखत्यारपत्रच असल्यामुळे त्याची मर्यादाही तीच आहे.

हात चालत नाही पण डोके स्वच्छ आहे, अशी अवस्था असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आजारी आणि वृद्ध पेन्शनधारकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटवता येत नसेल तर नुसती खूण चालते. आम्ही एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांच्या सुनेने उजव्या पायाचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, शिपायाने शाईचा पॅड धरला, आणि गुरुजी स्वतः पैसे काढण्याच्या स्लिपवरचा आकडा मोठ्याने वाचत होते. आकडा त्यांनी स्वतः वाचला, म्हणूनच तो व्यवहार निर्वेध होता. शाखा अशा वेळी टाळाटाळ करू लागली तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, हा विषय येथे फार ताणत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. पण नॉमिनीचा अधिकार मृत्यूनंतरचा आहे. आपण हयात असताना तो काहीही करू शकत नाही, आणि मृत्यूनंतरही तो रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारणारा असतो, मालक नसतो. डीमॅट आणि म्युच्युअल फंडांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, जानेवारी २०२५ मध्ये एक नवी वाट दिली आहे. गुंतवणूकदार शरीराने असमर्थ झाला तर नॉमिनींपैकी एकाला खाते चालवण्याचा अधिकार आधीच देऊन ठेवता येतो. पण अट अशी की गुंतवणूकदाराची करार करण्याची मानसिक क्षमता शाबूत असली पाहिजे. म्हणजे येथेही भिंत तीच आहे.

चौथी पायरी : मुखत्यारपत्र, पण मोजून मापून

एवढ्या मर्यादा असूनही मुखत्यारपत्र करावेच, कारण म्हातारपणात बुद्धी जाण्याआधी बहुधा गुडघे, डोळे आणि कान जातात, आणि त्या मधल्या काही वर्षांत हा कागद फार उपयोगी पडतो. फक्त 'माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत, सर्व अधिकार' असे सरसकट पत्र लिहून देऊ नये. कामे नावानिशी लिहावीत: अमुक बँकेच्या अमुक खात्यातून पैसे काढणे व भरणे, पेन्शन आणि आयकराची कामे, घरपट्टी, वीजबिल आणि सोसायटीची देणी, भाडेकरूकडून भाडे घेऊन पावती देणे, विम्याचा दावा दाखल करणे, रुग्णालयाचे बिल भरणे. काय करता येणार नाही हेही तितकेच स्पष्ट लिहावे. विक्री, बक्षीसपत्र, गहाण, कर्ज, जामीन, नॉमिनी बदलणे आणि मुखत्याराने स्वतःच्या खात्यात पैसे वळवणे, या सात गोष्टी मी प्रत्येकाला वगळायला सांगतो. घर विकूनच उपचार करायचे असे खरोखर ठरले असेल, तर त्या एका विक्रीपुरते विशेष मुखत्यारपत्र वेगळे करावे.

हिशेबाचे कलम विसरू नये. मागितल्यावर हिशेब देणे हे करार कायद्याप्रमाणे अभिकर्त्याचे कर्तव्यच आहे. परंतु 'दर तीन महिन्यांनी जमाखर्चाची प्रत माझ्या मुलीला द्यावी' असे नाव घालून लिहिले, तर ते कर्तव्य प्रत्यक्षात पाळले जाण्याची शक्यता वाढते. मुखत्याराने आपले काम परस्पर दुसऱ्याकडे सोपवू नये, हेही लिहावे.

दस्ताची भाषा आपल्याला कळणारी असावी. मराठी माणसाने मराठीतच दस्त करावा, कारण उद्या कोणी "बाबांना इंग्रजी कळत नव्हते" असा मुद्दा काढला तर उत्तर देणे जड जाते. महाराष्ट्रात साध्या मुखत्यारपत्राला साधारणपणे ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पूर्वीचा १०० रुपयांचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून अशा कामांना चालत नाही. मोबदला घेऊन मिळकत विकण्याचा अधिकार दिला तर मात्र खरेदीखतासारखे मुद्रांकशुल्क बसू शकते. बँक आणि कार्यालयीन कामांसाठी नोटरीसमोर केलेले पत्र बहुतेक ठिकाणी चालते. स्थावर मिळकतीचा संबंध असेल तर ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच घ्यावे. चालता येत नसेल तर नोंदणी कायद्यात अधिकाऱ्याने घरी येऊन दस्त स्वीकारण्याची तरतूद आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज करावा लागतो. नुसत्या मुखत्यारपत्राने मिळकतीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे, तेव्हा 'पॉवर करून दिली म्हणजे घर मुलाचे झाले' हा समज सोडून द्यावा.

वय पंचाहत्तरीच्या पुढे असेल, किंवा विस्मरणाची नुकती सुरुवात असेल, तर दस्ताच्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा: 'यांना स्थळ, काळ आणि व्यक्तींचे भान आहे आणि दस्तातील मजकूर त्यांना समजतो.' त्यात 'प्रकृती उत्तम आहे' असे मोघम लिहिलेले असले तर त्याचा उपयोग होत नाही. साक्षीदार वारसांपैकी नसावेत, आणि आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, हा माझा आग्रह आहे. साक्षीदारच आधी गेला तर पुढे साक्ष कोण देणार?

पत्र तयार झाले की कपाटात न ठेवता ते प्रत्येक बँकेत नेऊन नोंदवावे. बँक ते आपल्या विधी विभागाकडे पाठवते, शंका काढते, आणि त्यात आठवडे जातात. हे आठवडे आपण ठणठणीत असताना गेलेले बरे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत मुखत्याराला सर्वसाधारण सभेत सभासदाच्या वतीने बसू दिले जात नाही, तेव्हा तेथील मतदानासाठी सहयोगी सभासदत्वाचा विचार करावा. मुखत्याराने सही केलेला दस्त नोंदवताना लिहून देणार हयात आहे आणि पत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्रही त्याच्याकडून लिहून घेतले जाते. ते खोटे लिहिले तर गुन्हा होतो, हे आपल्या माणसाला आताच सांगून ठेवावे. विचारशक्ती गेल्यानंतरही कोणाला न सांगता पत्र वापरत राहणारी घरे मी पाहिली आहेत. बहुतेकांचा हेतू स्वच्छ असतो, पण एखाद्या भावंडाने हरकत घेतली की त्या काळातला प्रत्येक व्यवहार वादात सापडतो.

ज्यांची मिळकत मोठी आहे, किंवा ज्यांच्या पश्चात विशेष गरजा असलेले अपत्य राहणार आहे, त्यांच्यासाठी १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालील खाजगी न्यास, म्हणजे ट्रस्ट, हा अधिक टिकाऊ मार्ग आहे. मिळकत विश्वस्तांच्या नावे झालेली असल्यामुळे करणाऱ्याची क्षमता गेली तरी न्यास चालू राहतो. पण नोंदणी, मुद्रांकशुल्क, स्वतंत्र पॅन आणि दरवर्षीचे विवरणपत्र हा पसारा साध्या पेन्शनरला पेलणारा नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान अपत्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो, आणि ते काम आईवडील हयात असतानाच करावे.

'मिळकत मुलाला बक्षीस देऊन टाकतो, तो सांभाळेल' हा मार्ग वर वगळलेल्या यादीत येतोच. तरीही कोणी तो घेतलाच, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात शब्दांनी लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ अशा अटीच्या भंगानंतर दस्त रद्द करण्याचा आधार देते.

पाचवी पायरी : वैद्यकीय इच्छापत्र

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाच्या उपचारांना संमती देण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा असतो. नातेवाइकाची सही त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रश्न येतो तो शुद्ध गेल्यावर. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेही ठरवावे लागले, की त्यांच्या वतीने बोलायचे कोणी. याचिका करणाऱ्या लेखिकेऐवजी, इतकी वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा तो अधिकार न्यायालयाने मानला. आपल्या बाबतीत हा प्रश्न कोणापुढे जाऊ नये यासाठी वैद्यकीय इच्छापत्र असते. बोलीत लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याला मान्यता दिली, पण दंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीची अट इतकी जाचक होती की फारसे कोणी त्या वाटेला गेले नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट काढली.

आता करायचे ते असे. आपण अठरा वर्षांवरील आणि विचारक्षम असले पाहिजे. शक्यतो घराबाहेरच्या दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावी. आपण निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसू तेव्हा आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात लिहावे. एकाहून अधिक नावे देता येतात, आणि ती क्रमाने द्यावीत असे मी सुचवेन. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने त्यासाठी नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावी. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले गेले. तरी लहान गावांत "हे काम कोणाकडे?" असा प्रश्न आपल्यालाच उलट विचारला जाण्याची तयारी ठेवावी, आणि आवक-जावक विभागात प्रत देऊन शिक्का घ्यावा. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र जाहीरपणे नोंदवले, त्यामुळे तेथे हा विषय लोकांना लवकर कळला.

मजकूर लिहिताना 'मला यातना नकोत' एवढेच लिहिले तर डॉक्टरांना त्याचा उपयोग करता येत नाही. आजार बरा होण्याची आशा नसेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास नको किंवा चालू असल्यास काढावा, हृदय थांबल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, नळीने अन्न देण्याबाबत काय करावे, वेदनाशामक मात्र पूर्ण द्यावीत, शक्य असल्यास घरी न्यावे, अशी एकेक गोष्ट डॉक्टरांशी बोलून लिहावी. आईने आमच्याकडून एक वाक्य घालून घेतले होते: 'तोंडाला कोरड पडू देऊ नका.' वकिलाने ते काढायला सांगितले होते, आम्ही काढले नाही, आणि शेवटच्या आठवड्यात परिचारिकांनी फाईलमधून वाचून पाळलेले तेवढे एकच वाक्य होते.

हा कागद दाखवताच यंत्रे बंद होतात असे नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते. नंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ यांचे दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मते शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत द्यायची असतात. आपण नेमलेल्या व्यक्तीची संमती घेतली जाते, आणि अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय दंडाधिकाऱ्यांना कळवते. इंजेक्शन देऊन मृत्यू आणण्याला आपल्या कायद्यात कोठेही परवानगी नाही. इच्छापत्र आपण केव्हाही बदलू किंवा रद्द करू शकतो. एकाहून अधिक असली तर सर्वांत शेवटचे मानले जाते.

सहावी पायरी : मनाच्या आजारासाठी प्रतिनिधी

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम १४ फार थोड्यांना माहीत आहे. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपण आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. यासाठी मुद्रांकाची गरज नाही. पुढे गंभीर नैराश्य, भ्रम किंवा स्मृतिभ्रंशामुळे मानसोपचारांचे निर्णय घेण्याची वेळ आली, तर डॉक्टर या व्यक्तीशी बोलतात. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याचे पूर्वनिर्देशही त्याच कायद्याखाली करता येतात. मात्र या प्रतिनिधीचा आपल्या बँकेशी किंवा घराशी काहीही संबंध नसतो.

काहीच केलेले नसेल आणि वेळ निघून गेली असेल तर

अशा वेळी घरच्यांना न्यायालयातच जावे लागते. कोमात असलेल्या किंवा कायमची विचारशक्ती गेलेल्या व्यक्तीसाठी पत्नी, पती किंवा मुले उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमण्याची याचिका करतात. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, मालमत्तेची यादी आणि इतर वारसांची संमती न्यायालय पाहते, नेमणुकीनंतरही हिशेब मागू शकते, आणि मिळकत विकायची तर बहुधा वेगळी परवानगी घ्यावी लागते. यात महिने जातात, आणि तोवर औषधांचे पैसे कोणीतरी पदरचे घालत असते.

कागद कुठे ठेवावेत आणि कसे रद्द करावेत

मूळ कागद लॉकरमध्ये ठेवू नयेत, कारण लॉकर उघडण्यासाठीच ते लागतात. एका जाड पाकिटात सर्व मूळ कागद, मालमत्तेची यादी, आधार आणि पॅनच्या प्रती आणि आरोग्यविम्याचे कार्ड घालावे, आणि पाकीट कोठे आहे हे निदान दोघांना माहीत असावे. वैद्यकीय इच्छापत्राची छायाप्रत रुग्णालयात न्यायच्या फाईलमध्येच पहिल्या पानाला लावावी.

मुखत्यारावरचा विश्वास उडाला तर कारण सांगण्याची गरज नसते, पण नुसते फाडून टाकल्याने पत्र रद्द होत नाही, कारण त्याच्या प्रती बाहेर असतात. रद्दपत्र लिहावे, मूळ पत्र नोंदलेले असेल तर रद्दपत्रही नोंदवावे, मुखत्याराला पोचपावतीसह स्पीड पोस्टने कळवावे, आणि ज्या ज्या बँकेत, सोसायटीत, कार्यालयात मूळ पत्र दिले होते तेथे रद्दपत्राची प्रत देऊन शिक्का घ्यावा. ज्याला रद्द झाल्याचे कळलेले नाही, त्याने मुखत्याराशी केलेला व्यवहार आपल्यावर बंधनकारक ठरू शकतो. म्हणून पत्र कोठे कोठे दिले आहे याची नोंद पाकिटावरच पेन्सिलीने लिहून ठेवावी.

पेन्शनर मंडळी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातातच. त्याच दिवशी घरी परतल्यावर पाकीट उघडावे, नेमलेल्या माणसांचे पत्ते आणि फोन क्रमांक ताजे आहेत का पाहावे, नव्या ठेवी यादीत चढवाव्यात, आणि यादीवर त्या दिवसाची तारीख घालून सही करावी.